चालकाविना गाड्या आणि माणसांविना स्थानके : कोकणातून एक खुले पत्र

प्रति,
मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि कोकणातून निवडून गेलेले सर्व मा. खासदार व आमदार यांस

महोदय,

सविनय नमस्कार.

मुंबईत गेल्या काही वर्षांत ज्या मेट्रो मार्गिका सुरू झाल्या, त्यांच्या गाड्या चालकाशिवायही धावू शकतील अशा बांधणीच्या आहेत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या २अ आणि ७ या मार्गिकांच्या गाड्या तशा आहेत आणि २०२५ च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत पूर्ण झालेल्या भुयारी मार्गिका ३ च्याही तशाच आहेत. आज त्यांत चालक बसतो; उद्या तो बसला नाही तरी गाडी अडू नये, एवढी तजवीज आधीच झालेली आहे. याला माझा विरोध नाही. माणूस कुठून काढायचा, कधी काढायचा आणि काढलेल्या माणसाच्या जागी काय ठेवायचे, याचा जो ठरलेला क्रम या गाड्यांमागे आहे, तो कोकणच्या रुळांपर्यंत पोहोचलेला नाही, ही माझी तक्रार आहे. मेट्रोत माणूस सर्वांत शेवटी जातो. आमच्या भागात तो सर्वांत आधी गेला.

हे पत्र आत्ताच लिहिण्याचे कारण कोकण रेल्वेचे भारतीय रेल्वेत होऊ घातलेले विलीनीकरण हे आहे. कोकण रेल्वे महामंडळाच्या मूळ भांडवलात केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२ टक्के आणि उरलेला वाटा कर्नाटक, गोवा व केरळ यांचा. महाराष्ट्राने २०२५ च्या मे महिन्यात विलीनीकरणास संमती दिली आणि ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे अशी अट घातली. नाव राहावे असे आम्हालाही वाटते. परंतु फलाटावर, कटिंगमध्ये (म्हणजे डोंगर कापून रुळांसाठी काढलेल्या वाटेत) आणि बोगद्याच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या माणसाविषयी त्या चर्चेत आम्हाला काही ऐकू आले नाही. नवी व्यवस्था आली की मनुष्यबळाचे तक्ते नव्याने आखले जातील, आणि एकदा तक्त्यातून गेलेले पद परत येत नाही हे सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या कोणालाही विचारावे.

माझा या विषयाशी संबंध काय, तेही सांगते. संगमेश्वर तालुक्यातील आमच्या घरची भातखाचरे आणि हापूसची काही कलमे या मार्गासाठी गेली. त्या बदल्यात माझ्या धाकट्या दिरांना रुळांवरची नोकरी मिळाली आणि ते आजही पावसाळ्यात रात्रीची गस्त घालतात. माझा भाचा मुंबईत एका मेट्रोच्या नियंत्रण कक्षात कामाला आहे. गणपतीत दोघे एकत्र आले की त्यांचे बोलणे ऐकण्यासारखे असते, कारण दोघांचे काम मुळात एकच आहे : पुढची वाट मोकळी आहे की नाही, हे गाडीला सांगणे. एकाला त्यासाठी भिंतभर पडदे, कॅमेरे आणि थंड खोली आहे. दुसऱ्याला हातबत्ती, रुळाला बांधायचे आणि चाकाखाली फुटून चालकाला इशारा देणारे फटाके, आणि स्वतःचे कान आहेत.

जगात या गाड्या कशा आल्या, ते थोडक्यात मांडते, कारण ‘तिकडे तर माणसे लागतच नाहीत’ हे वाक्य आमच्याकडच्या बैठकांत वारंवार ऐकवले जाते. १९८१ मध्ये जपानमधील कोबे शहरात पोर्ट लायनर सुरू झाली, १९८३ मध्ये फ्रान्समधील लील शहरात संपूर्ण स्वयंचलित मेट्रो आली, आणि त्यानंतर व्हँकुव्हर, पॅरिस, कोपनहेगन, सिंगापूर, दुबई, सिडनी अशी यादी वाढत गेली. २०२४ च्या डिसेंबरापासून रियाधने सहा मार्गिकांचे सुमारे १७६ किलोमीटरचे जाळे चालकाविना टप्प्याटप्प्याने सुरू केले. पॅरिसभोवती १५, १६, १७ आणि १८ या क्रमांकांच्या नव्या मार्गिका उभ्या राहत आहेत, त्याही सर्व चालकाविना धावणार आहेत. सिंगापूरच्या जुराँग रीजन आणि क्रॉस आयलंड या नियोजित मार्गिकांचेही तसेच. आपल्याकडे दिल्लीच्या मजेंटा मार्गिकेवर २८ डिसेंबर २०२० रोजी अशी सेवा सुरू झाली आणि पुढच्या वर्षी पिंक मार्गिकेवर.

या क्षेत्रात स्वयंचलनाच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत गाडी चालकच चालवतो, यंत्रणा फक्त त्याच्यावर लक्ष ठेवते. दुसरीत गाडी आपोआप निघते आणि थांबते, पण दारे आणि पुढचा मार्ग यांवर चालकाची नजर असते. तिसरीत चालक नसतो, मात्र गाडीत कर्मचारी असतो. १९८७ पासून धावणारी लंडनची डॉकलँड्स लाइट रेल्वे या पायरीवर आहे. चौथीत गाडीत कोणीही नसले तरी चालते. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाताना काय करावे लागते, ते पॅरिसच्या जुन्या १ क्रमांकाच्या मार्गिकेने दाखवले आहे. १९०० साली सुरू झालेली ही मार्गिका सेवा चालू ठेवूनच बदलण्यात आली. आधी फलाटांच्या कडेला दारे बसवली, मग नवी नियंत्रण यंत्रणा आली, मग २०११ च्या अखेरीस चालकाच्या गाड्यांच्या जोडीने पहिल्या स्वयंचलित गाड्या सोडल्या, आणि वर्षभराने सर्व गाड्या तशा झाल्या. जर्मनीतील न्यूरेंबर्गने फलाटावर दारे बसवली नाहीत. त्याऐवजी रुळांवर कोणी पडले तर ते ओळखून गाडी थांबवणारी यंत्रणा बसवली आणि मगच २००८ मध्ये यू-३ मार्गिका सुरू केली. पद्धती वेगळ्या, पण माणसाची जागा घेणारी वस्तू माणूस जाण्याआधी तिथे बसलेली होती, एवढे दोन्हीकडे समान आहे. दिल्लीतसुद्धा सुरुवातीला गाडीत मदतीसाठी कर्मचारी ठेवले होते.

एवढे करूनही यंत्रणा फसते तेव्हा काय होते, हेही आपण पाहावे. २०१४ च्या जुलैत व्हँकुव्हरची स्कायट्रेन एकाच आठवड्यात दोनदा ठप्प झाली. अडकलेल्या गाड्यांतील लोकांनी वाट पाहून पाहून दारे उघडली आणि ते उन्नत मार्गावरून चालत निघाले. अशा वेळी गाड्यांपर्यंत पोहोचायला माणसे पुरेशी नव्हती. जपानमधील योकोहामाच्या कानाझावा सीसाइड मार्गावर १ जून २०१९ रोजी चालकाविना असलेली गाडी शिन-सुगिता स्थानकातून उलट दिशेने सुटली आणि टोकाच्या अडथळ्यावर आदळली. दिशा बदलण्याचा संदेश नेणारी एक तार तुटली होती. डझनाहून अधिक लोक जखमी झाले. ही दोन्ही उदाहरणे अशा देशांतली आहेत जिथे देखभालीत हयगय होते असे कोणी म्हणणार नाही.

आता कोकणाकडे येते. रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४१ किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण सुरू आहे. त्यावर ९१ बोगदे आहेत, रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि पानवलचा पूल नदीपात्रापासून ६४ मीटर उंच आहे. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला; महाराष्ट्रातला त्यापुढचा मार्ग एकेरीच आहे, म्हणून आमच्या गाड्या अजून क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरची गाडी जाऊ देण्यासाठी, थांबतात. या मार्गावर चालकाविना गाडी आणा, असे मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रदेशात रिओ टिंटो कंपनीच्या अडीच किलोमीटर लांबीच्या लोहखनिजाच्या गाड्या २०१८ पासून चालकाविना धावत आहेत, हे उदाहरण कोणी देईल. परंतु तो जवळजवळ निर्मनुष्य वाळवंटी मुलूख आहे आणि त्या गाड्यांत खनिज असते, शिमग्याला गावी निघालेले चाकरमानी नसतात. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जांभ्याच्या नि तांबड्या मातीच्या उभ्या कटिंगमध्ये मुरतो. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळे सुटीतली विशेष गाडी घसरली आणि ५० हून अधिक माणसे गेली. वर्षभरानेच, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस अशाच दगडांमुळे पुलावरून खाली गेली. त्यानंतर पावसाळी वेळापत्रक आणि वेगमर्यादा कडक झाल्या, कटिंगवर जाळ्या बसल्या आणि गस्त वाढली. हे काम झाले, ते चांगले झाले, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

या गस्तीतला माणूस नेमके काय करतो, हे मंत्रालयात बसून दिसणे अवघड आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. भावोजी आपल्या हद्दीच्या एका टोकाहून निघतात, दुसऱ्या टोकाला पुढच्या हद्दीचा गस्तवाला भेटतो, दोघे पुस्तकांवर नोंद करतात आणि परत फिरतात. वाटेत ते रुळ पाहतात हे खरे, पण जास्त करून ते कटिंग पाहतात. भिंतीतून झिरपणारे पाणी निवळ आहे तोवर ते पुढे जातात. तेच पाणी तांबडे झाले, किंवा रोज वाहणारी धार एकाएकी थांबली, तर ते तिथेच उभे राहतात. वरून बारीक खडे सुटू लागले की त्यांचा गटारात पडण्याचा आवाज पावसातही वेगळा ऐकू येतो, असे ते सांगतात. मोठे झाड वाकलेले दिसले तर कालच्या मानाने किती वाकले, हे त्यांना ठाऊक असते, कारण काल त्यांनीच ते पाहिलेले असते. धोका वाटला तर दोन्ही बाजूंना लाल बत्ती आणि रुळावर फटाके. पाणी, खडे आणि झाड यांची ही पारख कोणत्याही पुस्तकातून आलेली नाही.

यंत्रांना माझा विरोध असता तर मी हे पत्र लिहिले नसते. पानवलच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र आहे, सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा आहे, ठिकठिकाणी पर्जन्यमापक आहेत, आणि मार्गात साधारण दर किलोमीटरला आपत्कालीन संपर्काची सोय आहे. गाड्या एकमेकींवर आदळू नयेत यासाठीचे उपकरण याच कोकण रेल्वेने तयार केले आणि ते पुढे ईशान्य सीमा रेल्वेवर बसवले गेले. मडगावात स्कायबसचा, म्हणजे खांबांवरच्या मार्गाला लोंबकळत धावणाऱ्या गाडीचा, प्रयोगही याच संस्थेने केला. २००४ च्या सप्टेंबरात चाचणीच्या वेळी अपघात होऊन एका कर्मचाऱ्याचा जीव गेला आणि तो प्रयोग खांबांवरच राहिला. कल्पकता आमच्या मार्गाला कमी पडलेली नाही. कमी पडली ती कल्पना शेवटपर्यंत नेण्याची चिकाटी. यंत्र येणार म्हणून माणूस कमी करायचा आणि मग यंत्रही रखडवायचे, हे मात्र परवडण्याजोगे नाही. २०२४ च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत खेडजवळ दिवाणखवटी येथे दरड येऊन वाहतूक बंद पडली. दोन्ही वेळा मार्ग मोकळा केला तो चिखलात उतरलेल्या माणसांनीच.

आमच्या तक्रारी अशा आहेत.

आमच्या भागातील एका लहान स्थानकावर रात्री प्रवाशांना काही सांगायला कोणी नसते. स्थानकाचे नाव मी देत नाही, कारण तिथे जो एकटा कर्मचारी सिग्नल, फोन आणि तिकीट सांभाळतो, त्याचा यात दोष नाही. एकेरी मार्गामुळे गाडी कोणत्या फलाटावर घेतली जाईल हे ऐन वेळी ठरते. घोषणा झालीच तर ध्वनिमुद्रित असते आणि पावसाच्या आवाजात विरून जाते. मग गाडीचा दिवा दिसला की साठी-सत्तरीतली माणसे गाठोडी, फणस आणि नातवंडे घेऊन रुळांवरून पलीकडे धावतात. मेट्रोत गाडीचे दार फलाटाच्या दारासमोर येण्यात थोडेही अंतर पडले तर ते उघडत नाही, आणि इथे डबा फलाटाच्या बाहेर थांबला तर आम्ही खडीत उड्या मारतो.

गाडी मध्येच अडकली की प्रवाशाला काही कळत नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा या मार्गावरच्या गाड्यांत हजारो प्रवासी अडकले होते. पूर कोणाच्या हातात नव्हता, हे मान्य. पण पूर नसतानाही, साध्या क्रॉसिंगच्या गोंधळात, आम्ही अनेकदा बोगद्याच्या अलीकडे तासन् तास बसलो आहोत आणि गाडी केव्हा निघेल हे मुंबईतल्या नातेवाइकांनी मोबाइलवर पाहून आम्हाला सांगितले आहे. गर्दीच्या सर्वसाधारण डब्यात बाळंतीण असते, औषधाची वेळ झालेला माणूस असतो. त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचत नाही.

गस्तवाल्यांचे हाल वेगळेच. एका वर्षी आमच्याकडच्या तुकडीला रेनकोट मिळाले ते पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर, आणि कंत्राटदाराने दिलेली बूटजोडी श्रावणापर्यंतही टिकली नाही. काही कटिंगमध्ये वॉकीटॉकीचा आवाज पलीकडे जात नाही, हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. जुनी माणसे निवृत्त होत आहेत आणि हंगामापुरती घेतलेली मुले दुसऱ्या वर्षी परत येतीलच असे नाही. झाड किती वाकले हे सांगायला ते झाड काल पाहिलेला माणूस लागतो.

आणखी एक बाब, जी मेट्रोच्या बाजूची आहे. चालक उद्या खरोखरच काढायचे ठरले तर त्यांचे काय होणार, हे आजवर आम्हाला कोणी सांगितलेले नाही. त्यांत कोकणातली मुले बरीच आहेत. पॅरिसमध्ये १ क्रमांकाच्या मार्गिकेचे चालक इतर कामांवर घेतले गेले. आपल्याकडे ते आधी लिहून ठेवावे, एवढेच.

यास्तव पुढील मागण्या करीत आहे.

१. कोकण मार्गावरील स्थानक, कटिंग, पूल वा बोगदा यांवरील कोणतेही पद, त्याची जागा घेणारी यंत्रणा तिथे बसून तिने त्या माणसाच्या जोडीने दोन पूर्ण पावसाळे काढल्याशिवाय, कमी करू नये. त्या दोन पावसाळ्यांत यंत्राने काय ओळखले आणि माणसाने काय ओळखले, याचा अहवाल मराठीत प्रसिद्ध करावा. विलीनीकरणाच्या करारात ही अट शब्दशः असावी. इतर सर्व मागण्या मागेपुढे झाल्या तरी चालतील, ही नाही.

२. ज्या स्थानकांवर रात्री प्रवासी गाड्या थांबतात, तिथे गाडीच्या वेळी प्रवाशांसाठी स्वतंत्र कर्मचारी असावा, फलाट किमान वीस मिनिटे आधी जाहीर व्हावा, आणि जिथे पादचारी पूल नाही तिथे तो बांधावा.

३. गाडी अर्ध्या तासापेक्षा अधिक काळ मार्गात थांबली तर प्रत्येक डब्यात जाऊन माहिती देण्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरवावे आणि डब्यात लावावे.

४. गस्तवाल्यांची पदे कायमस्वरूपी भरावीत, त्यांत जमीन गेलेल्या कुटुंबांतील मुलांना प्राधान्य असावे. सर्व साहित्य मे महिन्यातच हातात पडावे. त्यांच्या रोजच्या नोंदी कपाटात न ठेवता नियंत्रण कक्षाच्या यंत्रणेत घ्याव्यात, म्हणजे उद्या जे यंत्र बसेल त्याला या डोंगराची ओळख असेल.

५. वीरच्या पुढील दुपदरीकरण आणि गाड्यांची टक्कर टाळणारी ‘कवच’ ही संरक्षक प्रणाली यांचे टप्पे, त्यांच्या तारखा आणि निधी विलीनीकरणापूर्वी जाहीर करावेत. ‘प्रस्तावित’ आणि ‘विचाराधीन’ हे उत्तर आम्हाला पुरेसे होणार नाही.

६. मुंबईतील मेट्रो मार्गिकांवर चालकाविना सेवा सुरू करण्यापूर्वी तिथल्या चालकांच्या पुढील नेमणुकीचे धोरण प्रसिद्ध करावे, आणि नियंत्रण कक्ष व देखभालीच्या कामांचे प्रशिक्षण देणारी सोय रत्नागिरी वा सिंधुदुर्ग जिल्ह्यात उभी करावी.

खर्चाचा प्रश्न येईल, हे मी जाणून आहे. पण मेट्रोच्या एका भुयारी स्थानकावर दारे, कॅमेरे आणि सुरक्षा यांसाठी जो विचार व पैसा आपण विनातक्रार खर्च करतो, तो पाहता आमच्या मागण्यांतील पहिल्या चार मागण्या मोठ्या नाहीत. शेवटच्या दोन मोठ्या आहेत. त्यांना वेळ लागेल, हेही आम्ही समजतो, मात्र किती वेळ ते सांगावे.

या पत्राचे उत्तर लेखी आणि मराठीत मिळावे, पुढील पावसाळी वेळापत्रक लागू होण्यापूर्वी मिळावे, आणि ते रोह्यापासून मडुऱ्यापर्यंतच्या प्रत्येक स्थानकाच्या सूचना फलकावर लावावे, अशी विनंती आहे.

आपली,
रेल्वेसाठी जमीन दिलेल्या कुटुंबातील एक प्रवासी
तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी